नगरसेविकांचे निरोप समितीपाशी अडकतात, त्याबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

विषय: प्रभागातील कामांची माहिती सदस्यांपर्यंत न पोहोचणे, तसेच गेटसमोरील पावसाळी लाइनची जोडणी

सप्रेम नमस्कार.

या विषयावरचं हे चौथं पत्र. आधीच्या तिन्ही पत्रांची पोच कार्यालयाच्या आवक वहीत आहे, उत्तर एकाचंही आलेलं नाही. तक्रार आली की समितीने पुढच्या सभेत निर्णय घ्यावा आणि त्यानंतर १५ दिवसांत सदस्याला कळवावा, असं आपल्या उपविधींत आहे. देखभाल शुल्क थकलं तर व्याज उपविधींप्रमाणे लागतं. मग तक्रारीचं उत्तरही उपविधींप्रमाणेच मिळायला हवं.

प्रभागाच्या नगरसेविका दर पंधरवड्याला कामांची माहिती पाठवतात. काम कुठवर आलं, निविदा कोणत्या टप्प्यावर आहे, सूचना कधीपर्यंत द्यायच्या, हे सगळं त्यात असतं. हा निरोप प्रत्येक सोसायटीच्या सचिवांना जातो. शेजारच्या दोन्ही सोसायट्यांत तो त्याच संध्याकाळी लिफ्टपाशी लागतो. आपल्याकडे तो सचिवसाहेबांच्या फोनमधून बाहेर पडेपर्यंत मुदत संपलेली असते. पदपथाच्या नकाशावरच्या सूचनांचं तेच झालं. पावसाळी लाइनच्या पाहणीचा निरोप तर पाहणी उरकल्यावर आला.

सर्वांत मोठं नुकसान नागरिक सहभाग अंदाजपत्रकात झालं. पुणे महापालिकेत ही सोय २००६ पासून आहे. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातलं ५ लाखांपर्यंतचं काम सुचवायचं असतं. समितीने आपल्या सर्वांच्या वतीने एकच अर्ज दिला, तोही सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवण्याचा. खाजगी जागेत महापालिका पैसे घालत नाही. तो अर्ज बाद होणार हे भरतानाच कळायला हवं होतं. काम सार्वजनिक जागेतलं असावं लागतं आणि अर्जात जागा नेमकी लिहावी लागते: विजेच्या कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत, लांबी किती, रुंदी किती, सोबत दोन फोटो. ‘रस्ता नीट करावा’ एवढ्यावर कोणताही अभियंता अंदाज काढू शकत नाही. बी विंगमधल्या ११ घरांनी गल्लीच्या कोपऱ्यावर दोन दिवे आणि पावसाळी जाळी मागायचं ठरवलं होतं. त्यांना अर्जाची तारीख कळली ती उलटून गेल्यावर. आता ते काम नगरसेविकांच्या ‘स’ यादीतून (अंदाजपत्रकात त्यांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून) होतं का ते विचारणं एवढंच उरलं आहे, आणि त्या यादीचा खर्चही ३१ मार्चच्या आत व्हावा लागतो.

आता जे अजून हातात आहे त्याबद्दल. महापालिकेच्या नव्या पावसाळी लाइनसाठी गल्लीत ६०० मि.मी. व्यासाचे सिमेंटचे पाइप उतरले आहेत. आपल्या गेटसमोरचा चेंबर बांधायला आठ-दहा दिवस आहेत. त्यावर काँक्रीट पडलं की पुढची कित्येक वर्षं तिथे हात लावता येणार नाही.

आपला प्लॉट सुमारे २० गुंठ्यांचा, म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. तासाला ५० मि.मी. पाऊस पडला तर गच्ची आणि आवार मिळून सेकंदाला सुमारे २५ लिटर पाणी बाहेर जावं लागतं. आपला बाहेर जाणारा नळ सहा इंची आहे आणि १२ मीटरमध्ये तब्बल ३५ सें.मी. उतरतो. एवढ्या उतारावर तो हे पाणी जेमतेम ओढतो, तेही आत गाळ नसेल तर. पण त्यामुळे रस्त्याकडच्या टोकाला त्याचा तळ रस्त्यापासून ९५ सें.मी. खोल जातो. नव्या मोठ्या लाइनचा तळ दीड मीटरवर आहे, म्हणजे तिचा माथा ९० सें.मी.वर येतो. आपला नळ त्या माथ्याच्या ५ सें.मी. खाली उघडणार. लाइन भरून वाहू लागली की आपलं पाणी आधी अडेल, मग उलटं फिरून पार्किंगच्या चेंबरमधून वर येईल. यात कंत्राटदाराची काही चूक नाही. आपण आपली पातळी त्यांना दिलीच नाही. पाहणीला गेलेल्या समिती सदस्यांनी ती मोजलेलीही नव्हती.

उपाय अवघड नाही. आतल्या चेंबरपाशी नळाचा तळ ६० सें.मी.वर आहे. तिथून १०० ला १ असा उतार दिला तर १२ मीटरमध्ये तो १२ सें.मी. उतरेल आणि ७२ सें.मी.वर, लाइनच्या माथ्याच्या १८ सें.मी. वर जोडला जाईल. मात्र उतार कमी केल्यावर सहा इंची नळातून सेकंदाला १५ लिटरच जातात, म्हणून नळ नऊ इंची घ्यावा लागेल. तो ४५ लिटर नेतो, थोडा गाळ साठला तरी पुरतो. नळ वर आल्यामुळे त्याच्यावर माती कमी राहील, तेव्हा गाड्या जातात त्या भागात काँक्रीटचं कवच द्यायचं. तोंडाशी फ्लॅप व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं आत येऊ न देणारी झडप, बसवावा, पण चेंबर इतका मोठा बांधावा की पावसाळ्याआधी आत हात घालून तो साफ करता येईल. प्लॅस्टिकची एक पिशवी अडकली तरी झडप उघडी राहते आणि मग तिचा उपयोग नाही.

सी विंगमधल्या समिती सदस्यांनी पाहणीत ‘वास येतो’ म्हणून तिथली जाळीच काढायला सांगितली. ही सूचना सोसायटीची नव्हती, कोणत्याही सभेत ती झालेली नाही. त्या बाजूचं पाणी जाळीतूनच आत उतरतं. ती बुजवली तर ते थेट गेटकडे येईल. पावसाळी लाइनला वास येतो तो तिच्यात सांडपाणी सोडलं असेल तर. सी विंगच्या ड्राय बाल्कनीचे नळ कुठे जोडले आहेत ते पाहायला अर्धा तास लागतो: वरून बादलीभर रंगाचं पाणी ओतायचं आणि खाली दोन्ही चेंबरची झाकणं उघडून रंग कुठे दिसतो ते बघायचं. पावसाळी चेंबरमध्ये दिसला, तर वॉशिंग मशिनचं ते पाणी ड्रेनेजला वळवायचं काम आपलं आहे, महापालिकेचं नाही.

त्याच सदस्यांनी गेटपुढचा पूर्ण पदपथ उतरता करायला सांगितला आहे. तसं केलं तर प्रत्येक गेटपाशी चालणाऱ्याला खाली उतरून पुन्हा चढावं लागतं. ए विंगमधले तीन ज्येष्ठ नागरिक काठी घेऊन चालतात, त्यांनी हे आवर्जून सांगायला सांगितलं आहे. पदपथाची उंची १५० मि.मी.च्या आत ठेवून गाडीचा उतार फक्त कडेच्या दगडालगत द्यावा आणि चालायची १.८ मीटर रुंदी सपाट ठेवावी. गाडी जाते त्या पट्ट्यात पेव्हर ८० मि.मी. जाडीचा हवा. ६० मि.मी.चा पाण्याच्या टँकरखाली खचतो. डांबरीकरणाआधी जुना थर खरवडून घ्यावा, हेही लेखी मागायला हवं. थरावर थर चढत गेले तर रस्ता गेटच्या उंबऱ्याला येऊन टेकेल.

मागण्या तीनच आहेत. नगरसेविकांचा निरोप आला की २४ तासांत तिन्ही विंगच्या फलकावर लागावा, आणि ते काम सचिवांकडून काढून दुसऱ्या सदस्याकडे द्यावं. वरच्या पातळ्या आणि आकृती महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यांना येत्या चार दिवसांत सोसायटीच्या शिक्क्यानिशी द्याव्यात, एक प्रत नगरसेविकांना. पाहणीत वैयक्तिक मत मांडणाऱ्या सदस्यांनी ते वैयक्तिक होतं असं लेखी कळवावं.

शनिवारपर्यंत काही झालं नाही, तर विशेष सर्वसाधारण सभेच्या मागणीवर सह्या घ्याव्या लागतील. त्यासाठी एक पंचमांश सदस्य पुरतात आणि तशी मागणी आली की सभा महिन्याच्या आत बोलवावी लागते. वेळ तिथवर येऊ नये, असं मनापासून वाटतं.

पातळी पुन्हा तपासून घ्यायची असेल तर गवंडी वापरतात ती १५ मीटरची पारदर्शक नळी बी-२०४ मध्ये ठेवली आहे. पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर माप दोन-तीन सें.मी.ने चुकतं. रविवारी सकाळी नऊला गेटपाशी आपण स्वतः यावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
सदस्य, बी विंग

सोबत: पातळ्यांची आकृती, चेंबरचे चार फोटो, ११ सदस्यांच्या सह्या