झाकणाच्या डबीपायी जाहीर आभार

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

लेथवर (लाकूड गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर) मुठीत मावेल एवढी झाकणाची लाकडी डबी कातायला मोठ्या वाडग्यापेक्षा जास्त वेळ का लागतो, हे तुम्ही मापांसकट उलगडून दाखवलंत. एरवी सगळे पॉलिशवरच बोलतात!

सुकं म्हणून आणलेला ठोकळाही आतून कोरला की ताण सुटून हलतो. वाढवलयांच्या कडेने लाकूड जास्त आटतं, गाभ्याच्या दिशेने साधारण निम्मंच. त्यामुळे गोल भोक अंडाकृती होतं. झाकण आणि बूड 8-10 मिमी जाड ठेवून कोरायचं आणि दोन-तीन आठवडे तसंच राहू द्यायचं, हा तुमचा नियम आता आमच्या फळ्यावर लिहिलेला आहे. वाडगा कडेकडून मध्याकडे कोरतात; डबीत लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू, उभ्या असतात, म्हणून गोल पटाशी मध्यापासून कडेकडे न्यायची. उलट नेली की तळाचे तंतू उपटतात. ते खड्डे 120 नंबरच्या सँडपेपरने जात नाहीत. पटाशीला धार लावून पुन्हा बारीक कात घ्यावाच लागतो.

खरा वेळ खातो तो झाकणाचा बसवा, म्हणजे झाकण बुडावर नेमकं बसवणं. झाकणाची आतली बाजू आधी पुरी करायची, मग बुडाची 6 मिमी उंचीची कड त्याला जुळवायची. ती आधी किंचित निमुळती ठेवून, लेथ बंद करून झाकण हाताने फिरवलं की घासलेल्या जागी चकचकीत पट्टा उमटतो. तो पट्टा म्हणजे नेमकं माप. तिथपर्यंत कड सरळ करत आणायची, एका वेळी केसभर. इथे पेपर मारायचा मोह आवरायचा, कारण दोन फेऱ्यांत झाकण खुळखुळायला लागतं. सुरुवातीला बसवा घट्टच हवा. झाकण बुडावर घट्ट बसलं की त्याच पकडीवर त्याची बाहेरची बाजू कातून, घासून होते. सैल करायचं ते सगळ्यात शेवटी.

आणि घासताना लाकूड तापलं तर थांबायचं. गरम डबीवर जुळवलेलं झाकण थंड झाल्यावर तसंच बसेल याची खात्री नाही, शिवाय तळाला बारीक तडे जातात ते वेगळंच.

हे सगळं प्रत्येकाच्या पटाशीशेजारी उभं राहून, न कंटाळता सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या वेळी पोकळ फुलदाणीचं अरुंद तोंड घेऊया. तिथे तर आतलं काही दिसतही नाही.

आपले,
कार्यशाळेतले सगळे कातकामवाले