राक्षस शेवटी मेला की झालं?

संपादक साहेब, नमस्कार.

क्राइम पिक्चर बघून पोरं बिघडतात, सेन्सॉरने अजून कात्री चालवावी, असं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचलं. त्यांची काळजी खोटी नाही, पण कात्रीने काय होतं ते हॉलिवूडने चांगलं तीसेक वर्षं करून बघितलंय.

आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात राक्षस रात्रभर धुमाकूळ घालतो, पहाटे देवाच्या हातून मरतो, कोणाची काही तक्रार नसते. हॉलिवूडचा 1930 चा हेज कोड (पिक्चरमध्ये काय दाखवायचं, काय नाही याचे नियम) साधारण हाच, गुन्हेगाराला शेवटी शिक्षा झालीच पाहिजे आणि त्याच्याबद्दल लोकांना माया वाटता कामा नये. 1932 च्या 'स्कारफेस'ला वेगळा शेवट शूट करायला लावला, त्यात गुंडाला फाशी होते, पण हिरो पॉल म्युनी तेव्हा हजरच नव्हता म्हणून तोंड न दाखवता फाशी उरकली! वर पिक्चरच्या नावाला 'देशाची लाज' असं शेपूट जोडलं. 1934 पासून तर हा कोड राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या ऑफिसचा शिक्का नसला की मोठ्या थिएटरांत पिक्चर लागणं मुश्कील.

मग लोक चोरवाटा काढायला लागले. बंदूक एका शॉटमध्ये उडते, माणूस दुसऱ्या शॉटमध्ये पडतो, म्हणजे खून झाला पण झाला नाही. हिचकॉकने 1960 मध्ये 'सायको'त बाथरूममधला खून दाखवला, रक्त म्हणून चॉकलेट सिरप, सुरी अंगात घुसताना जवळजवळ दिसतच नाही आणि तरी लोकांची बोबडी वळली. 1967 च्या 'बॉनी अँड क्लाइड'ने उरलासुरला पडदाही काढला, गोळी आणि चेहरा एकाच फ्रेममध्ये, शेवटी दोघांची चाळण होते तीही स्लो मोशनमध्ये. आता सगळं श्रेय क्राइम पिक्चरांचं नाही, 1952 मध्येच तिथल्या सुप्रीम कोर्टाने सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे असं एका इटालियन पिक्चरच्या केसमध्ये सांगितलं होतं. पण धक्के बसत गेले आणि नोव्हेंबर 1968 मध्ये कोड गुंडाळून वयाप्रमाणे रेटिंग आलं.

आपल्याकडेही 2023 च्या कायदा दुरुस्तीने यूए सर्टिफिकेटचे वयाप्रमाणे 7, 13, 16 असे भाग केले, पण कात्री काही खाली ठेवली नाही. नोव्हेंबरात पणजीला इफ्फी हा फिल्म फेस्टिव्हल भरतो, तिथे आम्ही गळ्यात कार्ड अडकवून विनाकट पिक्चर बघतो, तोच पिक्चर पुढे थिएटरात आला की बीप बीप. नोव्हेंबरात आम्ही शहाणे असतो आणि डिसेंबरात अचानक पोरं होतो की काय?

माझ्या आजोबांच्या लग्नाची पत्रिका अजून घरच्या ट्रंकेत आहे, तिच्यावर पोर्तुगीज सेन्सॉरचा शिक्का आहे. लग्नपत्रिकेवर! तेव्हा शिक्क्याची हौस काय असते ते आम्हा गोंयकारांना कोणी शिकवायला नको.

आणि पोरांचीच काळजी असेल तर मागच्या महिन्यात माझा चौदा वर्षांचा भाचा मित्रांबरोबर 'ए' सर्टिफिकेटवाला पिक्चर बघून आला. थिएटरचं नाव घेत नाही. दारावरच्या माणसाने तिकिटं फाडली, वय कोणी विचारलंच नाही, उलट पॉपकॉर्नचा कॉम्बो घेणार का एवढंच विचारलं. त्या पिक्चरमध्ये दोन ठिकाणी कट मारलेत म्हणे.

आपला,
एक वाचक, म्हापसा