‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साताऱ्यातल्या परवाच्या सभेची बातमी तुम्ही पहिल्या पानावर छापलीत. मथळा होता, ‘आता आपण घुसून मारू’. मी त्या सभेला होते. या वाक्याला टाळ्या-शिट्ट्यांनी मंडप दणाणला. माझ्या शेजारच्या वहिनी मात्र पदराखाली मोबाइल घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा फौजेत, काश्मीरमध्ये कुपवाड्याला आहे आणि तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

‘आम्ही लढू’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या शूर होतो. युद्धाला पाठिंबा असाच गोळा होतो. पण हजर होण्याचा हुकूम एकाच्याच नावाने येतो. १९९९ च्या जूनमध्ये आमच्याकडे आला, तेव्हा घेवड्याची पेरणी अर्ध्यात टाकून हे निघाले. देशावर कोणी चालून आलं तर लढावंच लागतं, हे फौजीच्या घरात शिकवावं लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या युद्धाबद्दल त्यांच्या गावाला कोणी विचारलं नव्हतं. आज आपल्याला विचारतात, म्हणून तर भाषण कान देऊन ऐकायला हवं. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराककडे संहारक शस्त्रं असल्याचं ठासून सांगितलं. माणूस स्वतः जनरल राहिलेला, त्यामुळे त्या शब्दाला वजन होतं. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. शस्त्रांचे साठे काही सापडले नाहीत.

१९६५ साली शास्त्रीजींनी मात्र ऐकणाऱ्यांकडेच मागणं केलं, आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा. आमच्या आजेसासूबाई अखेरपर्यंत सोमवारी रात्री जेवल्या नाहीत. सोमवार तसा महादेवाचा, पण त्या नाव शास्त्रीजींचं घ्यायच्या. त्या ‘आपण’मध्ये त्यांचाही वाटा होता.

परवाच्या वक्त्याने आमच्याकडे टाळ्यांशिवाय काहीच मागितलं नाही. युद्ध कशासाठी, ते कुठे थांबवायचं, त्यांच्या घरातलं कोण फौजेत आहे, यातलं काही तुमच्या बातमीत नाही. पुढच्या सभेला तुमच्या वार्ताहराने एवढं विचारावं. उत्तर मिळालं नाही तर तसंही छापा, त्याच पानावर.

आपली,
एका माजी सैनिकाची पत्नी, जि. सातारा