सॉलिसिटरकडे फाइल का अडते?

महोदय,

इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पांत सॉलिसिटरच्या (घराच्या व्यवहाराचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाच्या) नावाने बोटे मोडणे ठरलेलेच. त्यातला काही राग रास्त आहे. एकेकाच्या टेबलावर इतक्या फायली असतात की जो विचारत नाही त्याची फाइल तळाशी जाते. पण बराचसा वेळ खातात ते आधीच जमवून ठेवता आले असते असे कागद. आणि ऑफर मान्य झाली तरी करारांचे 'एक्स्चेंज' (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, जिच्यानंतर व्यवहार बंधनकारक होतो) होईपर्यंत समोरचा केव्हाही हात वर करू शकतो, त्यामुळे हा उशीर अंगाशी येतो.

आपल्या कुटुंबांची गाडी हमखास अडते ती भारतातून आलेल्या पैशावर. मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे पैसा कुठला याची खात्री पटल्याशिवाय सॉलिसिटरला पुढे जाताच येत नाही. 'वडिलांनी पाठवले' एवढ्यावर भागत नाही. वडिलांकडे ते कसे आले तेही दाखवावे लागते: एफडी मोडली असेल तर बँकेचा दाखला, जमीन किंवा फ्लॅट विकला असेल तर नोंदणीकृत खरेदीखत, शिवाय ती रक्कम खात्यात जमा झाल्याचे स्टेटमेंट. खरेदीखत मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्यावे. रक्कम भेट आहे, उसनी नाही आणि घरावर देणाऱ्याचा हक्क राहणार नाही, असे सहीचे पत्र लागते. ते गृहकर्ज देणाऱ्या बँकेलाही कळवले जाते, म्हणजे तिच्या होकारासाठी पुन्हा थांबणे आले. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. भेटीची रक्कम वर्षात 10 लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या भागावर बँक 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) वसूल करते. तो पुढे प्राप्तिकरात वळता होतो, पण ऐन वेळी पैसे कमी पडायचे ते पडतातच.

विकणाऱ्याने टीए6 (घराची माहिती) आणि टीए10 (घरासोबत कोणत्या वस्तू देणार त्याची यादी) हे फॉर्म घर बाजारात आणतानाच भरून ठेवावेत. लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट असेल तर इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या मॅनेजिंग एजंटकडून एलपीई1 हा भाडेपट्टा व देखभालखर्चाचा माहितीसंच पहिल्याच दिवशी पैसे भरून मागवावा. एजंटला कसलीच घाई नसते. वाढीव बांधकामाचा बिल्डिंग रेग्युलेशनचा (बांधकाम नियमांप्रमाणे झाल्याचा) दाखला सापडत नसेल तर बहुधा इन्डेम्निटी विमा (त्या त्रुटीमुळे पुढे नुकसान झाल्यास भरपाई देणारा) काढून मार्ग निघतो. मात्र त्याआधी कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) फोन करून चौकशी करू नये. कौन्सिलला सुगावा लागला की विमा कंपनी सहसा पॉलिसी देत नाही, आणि मग रीतसर तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते. हा फोन भाबडेपणाने बरेच जण करतात.

घेणाऱ्याने सर्चचे (कौन्सिल वगैरेंकडून मागवायच्या घराविषयीच्या तपासण्यांचे) पैसे लगेच भरावेत आणि ते कोणत्या तारखेला मागवले हे लेखी विचारावे. काही फर्म कराराचा मसुदा येईपर्यंत मागवतच नाहीत. रोज फोन करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ईमेल बरा, त्यात तीनच प्रश्न: काय बाकी आहे, ते कोणाकडे अडले आहे, शेवटचे स्मरणपत्र कधी गेले. तेच प्रश्न इस्टेट एजंटने समोरच्या सॉलिसिटरला विचारावेत. व्यवहार पार पडल्याशिवाय त्याचे कमिशन सुटत नाही, तेव्हा त्याच्याकडून हे काम खुशाल करून घ्यावे. फाइल पाहणारी व्यक्ती रजेवर गेली तर कोण पाहणार, तेही नावानिशी विचारून ठेवावे.

एवढे करूनही उत्तर नसेल तर फर्मकडेच लेखी तक्रार करावी. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा तो पटला नाही, तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांच्या सेवेविषयीच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे) विनाशुल्क जाता येते. फर्मच्या अंतिम उत्तरानंतर त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते. मध्येच सॉलिसिटर बदलणे मात्र क्वचितच परवडते: नवा माणूस सारे कागद पहिल्यापासून वाचतो, आणि तो गृहकर्जाच्या बँकेच्या पॅनेलवर (तिने मान्य केलेल्या वकिलांच्या यादीत) नसेल तर बदलूनही उपयोग होत नाही.

– एक वाचक, लंडन