ताई, मेलेला सेल उघडायला लावलात म्हणून

प्रिय ताई,

सा. न.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण पहिली ओळ वाचूनच तुम्ही ओळखाल.

पहिला पाऊस पडून गेल्यावर माझे कॉईन सेल, म्हणजे प्रयोगशाळेत भरलेल्या नाण्याएवढ्या लिथियम बॅटऱ्या, एकामागून एक मरत होते. मी रडकुंडीला येऊन नवीन भरायला घेतले, तर तुम्ही हात धरलात. "आधी मेलेला उघडून बघ." उघडला. दोन ध्रुवांमधल्या पांढऱ्या पडद्यावर, सेपरेटरवर, काळे डाग, आणि फॉईलवरून कॅथोडचे, म्हणजे धन ध्रुवाचे, पोपडे सुटलेले. तुम्ही एवढंच विचारलंत, "कॅथोडची पूड कुठे ठेवली होतीस?"

टेबलावर. उघडी.

मग संध्याकाळी उशिरापर्यंत समजावत बसलात. पुडीने ओल धरली की इलेक्ट्रोलाइटमधल्या, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवातल्या, लिथियमच्या क्षारापासून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. ते कॅथोडमधलं मँगनीज विरघळवतं, आणि ते मँगनीज पलीकडे ऋण ध्रुवाच्या ग्रॅफाइटवर जाऊन तिथला संरक्षक थर बिघडवतं. हा थर पहिल्या चार्जिंगलाच, थोडं लिथियम खर्चून, आपोआप बनतो. लिथियमचे आयन त्यातून जातात, इलेक्ट्रॉन अडतात. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये त्याला 'सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज' हे नाव दिलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि उष्णतेने हीच झीज वाढते. उन्हात उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर दिसली की आता मला तो थरच आठवतो.

त्या आम्लापासून वाचवायला कॅथोडवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) लेप द्यायचा ठरला, तेव्हा मी तो हौसेने जाड दिला. सेल टिकला, पण मंदावला. आयनांना वाटच उरली नव्हती. तुम्ही म्हणालात, दोन-चार नॅनोमीटर पुरे. त्या क्षणी मला आजी आठवली. ओटा सारवताना ती ओरडायची, "पातय सारव, पोरी, जाड थर तडकतो." ताई, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता पूड रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवते, मगच ग्लोव्ह बॉक्समध्ये, त्या ओल नसलेल्या बंद पेटीत, नेते. ओव्हनच्या दारावर तुम्ही चिकटवलेली 'आधी वाळव' ही चिठ्ठी अजून तिथेच आहे. कुणाला काढू देत नाही.

हिवाळ्यात भरिताची वांगी आली की यावलला घरी या. कळण्याची भाकरी आई स्वतः थापणार आहे.

तुमची,
धाकटी