बक्षीसपत्र नोंदवण्यापूर्वी वाचावे: ज्येष्ठ सभासदांसाठी सूचना

सोलापूर शहरातील संघाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, राहते घर मुला-मुलींच्या किंवा नातवंडांच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याचा विचार असल्यास दस्त नोंदवण्यापूर्वी त्याचा मसुदा स्वतः वाचावा किंवा विश्वासू व्यक्तीकडून वाचून घ्यावा. अशा दस्तास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये (अन्य आकार वेगळे) असल्याने घाई होते. परंतु नोंदणी झालेले बक्षीसपत्र देणाऱ्याला मनात आले म्हणून मागे घेता येत नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाबाबतच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, परत मिळवण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. म्हणून राहण्याचा हक्क, औषधपाणी व देखभाल यांची अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी. आपल्याच लेकरांना अट कसली घालायची, असा संकोच या कामी करू नये.

मालकी हयातीत सोडायची नसेल, तर मृत्युपत्र अधिक सोयीचे. ते साध्या कागदावर, मराठी, तेलुगू, कन्नड अशा कोणत्याही भाषेत चालते. नोंदणी ऐच्छिक असली तरी दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य आहेत, आणि लाभार्थ्यास साक्षीदार करू नये.

गृहनिर्माण संस्थेतील नामनिर्देशनाने वारसाहक्क ठरत नाही, हेही सदनिकाधारकांनी ध्यानात घ्यावे.