चित्र पुसायचं असेल तर लेखी कारण द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक संरक्षक भिंत आहे. गावातल्याच एका तरुणाने तिच्यावर मासे विकणारी बाई रंगवली होती. तिच्या हातात उभा चिरलेला बांगडा आणि त्याच्या पोटात बाटल्यांची बुचं, गुटख्याच्या पुड्या, नायलॉनचे तुकडे. अक्षर एकही नव्हतं. पावसाळ्यात धरलेलं शेवाळ त्याने तारेच्या ब्रशने खरवडलं, प्रायमर मारला, रंग पदरच्या पैशांनी आणला. लिलाव आटोपून जाणाऱ्या एका आजीने "बांगडो असो दिसना नाय रे" म्हटलं, तेव्हा त्याने पाटीतला बांगडा समोर धरून पाठीवरच्या रेषा पुन्हा काढल्या. शेजारी सळ्यांच्या सांगाड्यावर त्याने फाटक्या जाळ्यांचं कासव उभं केलं. ती जाळी खलाशांनीच आणून दिली, एरवी ती पाण्यात गेली असती.

मग कोणाचा तरी दौरा ठरला. रातोरात भिंतीला चुना लागला आणि कासव कचऱ्याच्या गाडीत गेलं. कारण विचारलं तर उत्तर एकच, परवानगी कुठे आहे? तोंडी होकार होता, कागद नव्हता. आता कागद मागायला गेलं की एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते.

परवानगी असावी, याला माझा विरोध नाही. 1995 च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यातही लेखी परवानगीची वाट ठेवलेली आहे. ती द्यायची कोणी आणि किती दिवसांत, हे गावपातळीवर कोणालाच सांगता येत नाही. स्वच्छतेची सरकारी घोषवाक्यं मात्र त्याच रस्त्यावर बिनबोभाट रंगतात. गावाला टोचणारं चित्र तेवढं पुसलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

चित्रकाराचाही हक्क असतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 चा, म्हणजे आपल्या कलाकृतीची नासधूस झाल्यास दाद मागण्याच्या कलाकाराच्या हक्काचा, आधार घेत ते त्यांना परत करायला लावलं, वर 5 लाखांची भरपाईही दिली. मालकी सरकारची होती, तरीही. आमच्या पोराला कोर्टाची पायरी परवडणारी नाही.

आणि हे कोकणात घडावं? पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, गावोगाव फिरवली. आमच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांचे फलक लावताना, आज उघड्यावर चित्र काढणाऱ्यालाही आपल्या खात्याने आपलं म्हणावं.

एक शासन निर्णय काढा. सार्वजनिक भिंतीचा अर्ज ग्रामपंचायतीत घ्यावा, मालकी कोणत्याही खात्याची असली तरी ठराविक मुदतीत लेखी उत्तर मिळावं. रंगवलेलं काम काढायचं झाल्यास आधी कलाकाराला नोटीस आणि ग्रामसभेत कारण सांगावं. शिल्प असेल तर ते उचलून न्यायची संधी त्याला मिळावी.

इथल्या भिंती पावसानंतर वाळायला दिवाळी उजाडते आणि जूनमध्ये काम थांबतं. म्हणून हा निर्णय येत्या दिवाळीआधी व्हावा, ही कळकळीची विनंती. तो तरुण त्याच भिंतीवर पुन्हा रंगवायला तयार आहे, आणि या वेळी रंगाचे पैसे गाव देणार आहे.

आपली विश्वासू,
मासेमार कुटुंबातली एक शिक्षिका,
सिंधुदुर्ग